पहिल्या महिन्यात गप्प राहायचं

जयप्रकाश वाकणकरांना नोकरीवरून काढण्याचा कट गेली दोन वर्षं शिजतो आहे, हे उट्रेख्त शहरातल्या निदान पन्नास मराठी घरांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त त्यांच्या कंपनीला. वाकणकर काका छप्पन्न वर्षांचे. पुण्याहून एका प्रोजेक्टसाठी म्हणून आले आणि इथेच राहिले. अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टमधल्या एका विमा कंपनीत चौदा वर्षं ते एकाच जुन्या सिस्टिमची देखभाल करत होते. ही नोकरी गेली तर या वयात दुसरी कोण देणार, हे ते दर भेटीत एकदा तरी म्हणायचे. इथे पक्क्या नोकरीतल्या माणसाला काढणं किती अवघड असतं हे माझा नवरा यतीन एकदा त्यांना समजावायला गेला. काका शांतपणे म्हणाले, "म्हणूनच ते घाई करत नाहीयेत."

आता अशा माणसाकडे सल्ला मागायला कोणी जाईल का? पण जायचे. कोणाची नवी नोकरी लागली की पहिल्या दिवसाच्या आधीचा रविवार वाकणकरांकडे, हे ठरलेलंच होतं. आपला माणूस, चौदा वर्षं एका जागी टिकलेला, आणि वर नंदाकाकूंच्या हातची थालीपिठं. कोण नाही म्हणणार? मीही गेले. पुण्यात बँकेत काम केलेली मी, इथे यतीनच्या मागोमाग आले आणि पाच वर्षं घरी बसले. गेल्या मार्चमध्ये इथली पहिली नोकरी मिळाली तीही नेमकी काकांच्याच कंपनीत. ते चौथ्या मजल्यावर, मी दुसऱ्या मजल्यावर कागदपत्रं तपासणाऱ्यांत. करार एक वर्षाचा, पहिला महिना चाचणीचा. त्या महिन्यात दोघांपैकी कोणीही, कुठल्याही दिवशी, पुरे म्हणू शकतं.

माझा स्वभाव मुळात भोळा नाही. फुकटात चांगलं बोलणाऱ्या माणसाला काय हवंय, हे मी आधी शोधते. त्यामुळे काकांचं बोलणं मला पहिल्या वाक्यापासून पटलं.

"लिहून घे," काका म्हणाले. ते माझ्या अगदी समोर, खुर्ची ओढून बसले होते. "फर्स्ट मंथ गप्प राहायचं. मीटिंगमध्ये बसायचं ते भिंतीला पाठ लावून. सगळ्यांची तोंडं दिसली पाहिजेत. पाठीमागे कोणी नको."

"बरं."

"तोंडी काही अ‍ॅक्सेप्ट करायचं नाही. कोणी काही सांगितलं की म्हणायचं, मेल कर. फोन आला तर उचलायचा नाही. फोनचा पुरावा राहत नाही."

"आणि जेवायला?"

"बारा वाजता सगळे एका लांब टेबलावर ब्रेड-चीज घेऊन बसतात. तिथे जायचं नाही. दहा जण एकदम बोलतात, कोण कोणाला काय म्हणतंय कळत नाही, आणि त्यात तुझ्या तोंडून काय निघून जाईल याचा भरवसा नाही. शुक्रवारी संध्याकाळची बोरल असते ना, खाणंपिणं, ती तर अजिबात नको. मोठ्याने गाणी लावतात, मग हळूच काहीतरी विचारतात."

"आणि कोणी जोक केला तर?"

"आधी सगळे हसतात का बघ. मग हस."

मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. खोटं कशाला सांगू, हा माणूस मला मोठा मुरलेला वाटला. निघताना मी विचारलं, की त्यांच्याविरुद्ध कट चालू आहे हे त्यांना कशावरून कळलं. काकांनी आवाज खाली आणला. त्यांच्या मजल्यावर हल्ली कोणालाच स्वतःचं टेबल नाही, रोज मिळेल तिथे बसायचं. पण एकट्या काकांना कोपऱ्यातलं टेबल कायमचं दिलंय, बाजूला काढून ठेवल्यासारखं. साधी गोष्टही त्यांना मेलवर येते. फोन कोणी करत नाही. "आणि मी आलो ना," काका म्हणाले, "की बोलणं थांबतं. सगळे माझ्याकडे वळतात. मग एकेक शब्द सुटा करून बोलतात, मूर्खाशी बोलावं तसे. दोन वर्षं झाली. यू टेल मी."

मी वही पुन्हा उघडली आणि तेही लिहून घेतलं.

सोमवारी मी रुजू झाले आणि काकांचं एकेक वाक्य खरं ठरायला लागलं. माझ्या शेजारी फेम्के नावाची मुलगी होती, माझी 'बडी' म्हणून नेमलेली. नव्या माणसावर लक्ष ठेवायला चक्क माणूस नेमतात आणि त्याला मैत्रीण म्हणतात, म्हणजे कमाल आहे. पहिल्याच सकाळी ती उठली आणि सगळ्यांना विचारत सुटली, कॉफी कोणाकोणाला हवी. मी "नको, नको" म्हटलं. आपण म्हणतोच. समोरच्याने "अहो घ्या हो" म्हणायचं, मग आपण घ्यायची. फेम्के "ओके" म्हणाली आणि सात कप घेऊन आली. दुसऱ्या दिवशी दुसरं कोणी उठलं, मी पुन्हा नको म्हटलं. तिसऱ्या दिवसापासून मला कोणी विचारेचना. सगळ्यांच्या टेबलांवर कप, माझं टेबल कोरडं. मला वाटलं, घ्या, वाळीत टाकायला सुरुवात झाली.

मग मीही कंबर कसली. डबा माझ्या टेबलावरच खाल्ला. मीटिंगमध्ये भिंत पकडली. फेम्के शेजारच्या खुर्चीतून म्हणाली, "ही फाइल आधी कर," तर मी म्हटलं, "मला मेल करशील?" तिने माझ्याकडे बघितलं आणि हातभर अंतरावरून मेल केला. मी तो जपून ठेवला. फोन वाजला की मी उठून पाणी प्यायला जात असे. शुक्रवारी चार वाजता सगळे खाली बोरलला गेले, तेव्हा माझ्याशिवाय मजल्यावर फक्त सफाई करणाऱ्या बाई होत्या. घरी येऊन यतीनला म्हटलं, "तीन आठवडे झाले, माझ्याविरुद्ध एक अक्षर कोणाला मिळालेलं नाही." यतीन म्हणाला, "शोधत होतं का कोणी?" मला त्याचा राग आला.

चौथ्या आठवड्याच्या मंगळवारी माझी मॅनेजर मार्लूस मला एका लहान खोलीत घेऊन गेली. ही इथली माणसं आडवळण घेत नाहीत, सरळ अंगावर येतात. तिने दारही नीट लावलं नव्हतं आणि म्हणाली, "अमृता, तुझं काम चांगलं आहे. पण टीमला तुझी भीती वाटते."

"माझी?"

"तू कोणाशी बोलत नाहीस. कोणाच्या हातची कॉफी घेत नाहीस, स्वतः कधी आणत नाहीस. शेजारच्या माणसाकडून सगळं लिहून घेतेस. फेम्केने मला विचारलं, ही आपल्याविरुद्ध तक्रार तयार करतेय का? मला उत्तर देता आलं नाही. शुक्रवारी मला ठरवायचं आहे. मला कळत नाहीये, तू इथे खूश आहेस का?"

मी आयुष्यभर दुसऱ्यांवर संशय घेत आले. माझ्यावर कोणी घेतला तर कसं वाटतं हे चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं. लाज वाटली, आणि लाजेपाठोपाठ संताप आला. तो सगळा काकांवर. माझी पाच वर्षांनी लागलेली नोकरी या माणसाने थालीपीठ खाऊ घालून घालवली होती.

त्या संध्याकाळी बाइलमर अरेना स्टेशनच्या फलाटावर काका दिसले. उट्रेख्तच्या गाडीची वाट बघत होते, नजर मोबाइलमध्ये. मी मागून हाक मारली. उत्तर नाही. आणखी दोन हाका मारल्या. नाही. म्हटलं, याला सगळं कळलेलं दिसतंय आणि आता तोंड लपवतोय. मग मी त्यांच्या डाव्या खांद्यापाशी उभी राहिले आणि सुटले. तुमच्यामुळे माझी नोकरी चाललीय, तुम्ही स्वतः घाबरट आहात आणि दुसऱ्यांना घाबरवता, तुम्हाला काय अधिकार, असं बरंच काही. काही तर मी इथे लिहिणार नाही, वयाने मोठे आहेत. जवळजवळ दोन मिनिटं मी बोलत होते.

तेवढ्यात स्पीकरवर सूचना झाली की गाडी आज पलीकडच्या फलाटावर येणार. सगळा फलाट हलला. काका तसेच उभे. मग त्यांनी मान वर केली, चालणारी माणसं बघितली, आणि कोणी काही विचारायच्या आत, जणू आधीपासून माहीत असल्यासारखे, त्यांच्यामागून चालायला लागले. वळताना मी दिसले.

"अरे अमृता, तू कधी आलीस?" ते हसून म्हणाले.

हा माणूस नाटक करत नव्हता. मी दोन मिनिटं ओरडून जे बोलले त्यातलं एक अक्षर त्यांच्यापर्यंत गेलं नव्हतं. गाडीत ते माझ्यासमोरच्या सीटवर बसले, माझ्या तोंडाकडे टक लावून. मी म्हटलं, "बरं चाललंय ऑफिस." ते म्हणाले, "गप्प राहतेस ना?" मी मान हलवली. माझ्या वहीतला प्रत्येक नियम आता मला वेगळा दिसायला लागला होता. ती राजकारणाची शिकवण नव्हतीच. ऐकू न येणाऱ्या माणसाने चार लोकांत निभावून न्यायला जे जे शोधून काढलं होतं, तेच त्याने आम्हा सगळ्यांना शहाणपण म्हणून वाटलं होतं.

मार्लूसला मी बुधवारी खरं तेवढं सांगितलं. मला कोणीतरी चुकीचं शिकवलं आणि मी डोकं न वापरता ते पाळलं. कोणी, हे तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मग मी उठून सगळ्यांना कॉफी विचारली आणि आठ कप घेऊन आले, त्यातले दोन चुकीचे. शुक्रवारी तिने मला ठेवून घेतलं. नोकरी लागली तेव्हा झाला नव्हता इतका आनंद तेव्हा झाला. पण चौथा मजला डोक्यातून जाईना. काकांना खरोखरच ऐकू येत नाही हे कंपनीला कळलं, तर त्यांचा तो शिजणारा कट उद्या खरा होईल, असं मला वाटत होतं. वर कोणाला काही कळलंय का, हे तपासायला हवं होतं.

सोमवारी दुपारी मी वर गेले. काका जागेवर नव्हते. पलीकडच्या टेबलावरचा कोर नावाचा उंच, टक्कल पडलेला माणूस म्हणाला, "तो येईलच. पण मागून बोलू नकोस हं. आधी त्याला दिसशील अशी उभी राहा. उजवीकडून."

मी सावध झाले. "का?"

"डाव्या बाजूने त्याला काहीच ऐकू येत नाही. आता उजवीकडूनही कमीच." त्याने ते इतकं सहज सांगितलं की मला धक्का बसला.

"त्याने सांगितलं तुम्हाला?"

"नाही. पण दोन वर्षं रोज बघतोय. म्हणून कोपऱ्यातली जागा त्याला ठेवली, तिथे आवाज कमी आणि सगळे समोर. तो आला की आम्ही थांबतो, त्याच्याकडे वळतो. फोनऐवजी मेल करतो."

"मग विचारलं का नाही?"

कोर खांदे उडवून म्हणाला, "मॅनेजरने तब्येतीचं विचारायचं नसतं, नियम आहे. आणि आम्ही म्हटलं, त्याला सांगायचं असेल तेव्हा सांगेल. आम्ही वाट बघतोय."

दोन वर्षं एक अख्खा मजला या माणसाला सांभाळून घेत होता, आणि हा माणूस त्या दोन वर्षांत एक रात्र धड झोपला नव्हता. मला दोघांचाही राग आला. कसले हे सभ्य लोक, जे तोंडाने एक वाक्य बोलत नाहीत, आणि कसले आमचे काका, ज्यांना चांगुलपणा समोर उभा राहिला तरी त्यात डावच दिसतो. अर्थात मला बोलायला तोंड नव्हतं. फेम्केच्या कॉफीत मला विष सोडून सगळं दिसलं होतंच की.

रविवारी मी वाकणकरांकडे गेले. खुर्ची ओढून काकांच्या अगदी समोर बसले आणि काही न लपवता सगळं सांगितलं. फलाटाचं, कोरचं, कोपऱ्यातल्या टेबलाचं. काका माझ्या ओठांकडे बघत होते. माझं संपल्यावर त्यांनी टीपॉयवरचा रिमोट सरळ केला.

"तुला कोणी पाठवलं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही, काका."

"एचआरने? त्या कोरने? म्हणजे आता मी कबूल करायचं, सही करायची, आणि त्यांनी म्हणायचं, अनफिट. इतके दिवस पुरावा नव्हता त्यांच्याकडे." त्यांनी रिमोट बाजूला सारला. "माझ्या घरचं खाऊन गेलीस तू, अमृता."

हे मला फार लागलं. मी उठलेच. तेवढ्यात नंदाकाकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, पदराला हात पुसत, आणि काकांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. "मी पाठवलं तिला," त्या म्हणाल्या. हे खोटं होतं, आमचं या विषयावर कधी बोलणंच झालं नव्हतं. "तुम्ही घरात असताना मी पडले न्हाणीघरात, डिसेंबरमध्ये. मी किती हाका मारल्या माहितीय तुम्हाला? सहा. मग मोजायच्या सोडून दिल्या. मी काही तुमच्या कंपनीची नाही ना? मग माझं ऐका."

ती डिसेंबरची गोष्ट काकांना ठाऊक नव्हती, हे त्यांच्याकडे बघून कळत होतं.

कान तपासणाऱ्या दुकानात शनिवारी सकाळची वेळ काकूंनीच घेतली. काकांची अट एकच, मीही यायचं. प्रेमाने नव्हे. माझ्यावर आता त्यांना नजर ठेवायची होती. दुकानातल्या तरुण मुलीला त्यांनी पहिला प्रश्न विचारला, रिपोर्ट कंपनीला जातो का. ती म्हणाली, कधीच नाही, तुमच्या परवानगीशिवाय कोणालाच नाही. काकांनी मला मराठीत सांगितलं, "सगळे असंच म्हणतात." तपासणीच्या खोलीचं दार लावायला त्यांनी साफ नकार दिला. दार लावलं तर आवाजाचा त्रास होणार नाही, असं ती समजावत राहिली. शेवटी दार वीतभर उघडंच राहिलं आणि मी आणि काकू बाहेर त्या फटीपाशी उभ्या राहिलो.

कानावर मोठे हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं, एवढंच. काका दाबायला लागले. एकदा, दोनदा, पुन्हा. पटापट, न चुकता. काकूंनी माझा दंड पकडला. त्यांच्या डोळ्यांत आशा होती आणि मला क्षणभर वाटलं, चुकलो की काय आपण. मग माझ्या लक्षात आलं, काकांची नजर समोरच्या काचेवर होती. काचेत त्या मुलीचा हात दिसत होता. हात मशीनकडे गेला की काका बटण दाबत होते. त्या मुलीच्याही ते ध्यानात आलं असावं. तिने एकदा हात नुसताच पुढे नेला, काही न लावता. काकांनी दाबलं.

तिने माझ्याकडे बघितलं. मी आत गेले, काकांच्या समोर खाली बसले आणि हेडफोन एका कानावरून सरकवला, त्याचा काही उपयोग नव्हता तरीही. "काका," मी म्हटलं, "इथे पास व्हायचं नसतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. तोंड रागाने आवळलेलं, पण डोळे पार घाबरलेले, पहिल्या दिवशी ऑफिसच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाचे असतात तसे. त्यांनी चौदा वर्षं कोणाला हा चेहरा दाखवला नसणार. मग त्यांनी स्वतःच खुर्ची वळवली, भिंतीकडे तोंड करून बसले आणि डोळे मिटले.

मी बाहेर आले. मुलीने पुन्हा सुरुवात केली. बटणावरचा अंगठा तसाच होता. तिने आवाज वाढवला. थांबली. आणखी वाढवला. काकू मला काही विचारत होत्या, मी त्यांना हाताने थांबवलं, कारण दाराच्या त्या वीतभर फटीतून मला हेडफोनमधली बारीक शिटी ऐकू यायला लागली होती. मग ती काकूंनाही आली. आम्ही दोघी खोलीबाहेर उभं राहून ती ऐकत होतो, आणि आत काकांचा अंगठा अजून हलला नव्हता.